फोन न करता लोणीला

आमच्या गाडीत, स्टिअरिंगच्या शेजारी, मी एक यादी चिकटवलेली आहे. उन्हाने शाई उडते म्हणून दर सहा महिन्यांनी ती नव्याने लिहिते. पहिलं कलम वर्षानुवर्षं एकच होतं: निघण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करणे.

आळेफाट्याजवळ आमचं दुकान आहे. फ्रिज, एसी, दुधाचे कूलर, जे जे म्हणून गार करतं ते आम्ही दुरुस्त करतो. घर पिंपरी पेंढारला. दुरुस्ती आमचे हे करतात. त्यांना सगळा तालुका मिस्तरी म्हणतो आणि दुकानाचा फोन उचलून उचलून मीही त्यांना मिस्तरीच म्हणायला लागले. फोन, बिलं, सामान आणि याद्या माझ्याकडे. पाने, सिलिंडर आणि हात त्यांच्याकडे.

हात म्हणजे खरोखरचा उजवा हात. मिस्तरी मशीनपाशी जातात, तांब्याच्या पाइपवर तळवा ठेवतात, डोळे मिटतात आणि जरा वेळाने म्हणतात, "गॅस कमी आहे." मग ते सिलिंडर लावून गॅस भरतात. भरताना दुसऱ्या पाइपवर लक्ष ठेवतात. त्याला घाम सुटला, म्हणजे गार पाइपवर पाण्याचे थेंब जमले, की काम झालं. बहुतेक वेळा मशीन चालूही होतं, त्यामुळे त्यांच्या हाताला आव्हान द्यायला कुणी पुढे येत नव्हतं. घरात तर नाहीच. पण एकाच मशीनसाठी एका हंगामात तीन-तीन वेळा "गॅस कमी" लिहायची वेळ आली, तेव्हा माझ्यातली यादीवाली बाई अस्वस्थ झाली. पाइपला भोक नसेल तर गॅस जातो कुठे?

म्हणून पुण्याच्या एका दुकानात मी बिनवायरचे प्रोब, म्हणजे दाब आणि तापमान मोजणारे छोटे मापक, बघितले आणि घेऊन आले. दोन दाब मोजणारे, दोन पाइपला लावायचे चिमटे आणि एक पेन्सिलीएवढी सळई. पाचही आपापल्या जागी लावायचे आणि आपण बाजूला सावलीत उभं राहून फोनवर आकडे बघायचे. मशीनच्या आत काय चाललंय ते त्या क्षणाला समोर दिसतं.

मिस्तरींनी पेटी उघडून एक चिमटा उचलला, उलटसुलट केला.

"हे कपडे वाळत घालायचे चिमटे एवढे महाग कधीपासून झाले?"

"पाइपचं तापमान सांगतात ते."

"ते मी सांगतो की. फुकट."

तिथून पुढे यादीतली कलमं वाढत गेली, कारण प्रोब खोटं बोलत नसला तरी आपण त्याला खोट्या जागी बसवू शकतो, हे मला लवकरच कळलं. ते मला घाटघरने शिकवलं.

घाटघरला एकाने पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या आणि त्यात एसी बसवले होते. नाणेघाटाच्या वाऱ्यात एसी कशाला, असं मलाही वाटलं, पण तो म्हणाला, "खोलीत हाये का, एवढंच इच्यारत्यात लोकं. चालू कुनीच करत न्हाई." त्यामुळे एक बिघडलेला आहे हे त्याला वर्षभराने कळलं होतं. मी ऐटीत चिमटे लावले. आकडे असे काही आले की मशीन बंद असतानाही एक पाइप तापलेला आणि दुसरा कोमट. मिस्तरी ओठांत हसत उभे. शेजारच्या खाचरातून भातातलं गवत काढून आलेले एक आजोबा टेकले होते. त्यांनी विचारलं, "काय, ताप बघताय का?"

"हो आजोबा, मशीनचा."

"मग घोंगडीवरनं कसा कळंल ताप? अंगाला लावा की."

बघते तर मी एक चिमटा पाइपवरच्या काळ्या फोमवर लावला होता आणि दुसरा उन्हात. आजोबांना चहा पाजला आणि यादीत लिहिलं: पाइप उघडा करून, घासून, मगच चिमटा. चिमट्यावर सावली. आकडा स्थिर होईपर्यंत दहा मिनिटं गप्प बसणे. पुढे आणखी भर पडली. निघण्याआधी चिमटे आणि सळई बर्फाच्या पाण्यात, तिन्ही शून्याजवळ आले पाहिजेत. दाबाचे दोन्ही मोकळ्या हवेत शून्यावर आणून घेणे. दोन्ही चिमटे सारखेच दिसतात, म्हणून एकाला लाल रिबीन, एकाला निळी. फोनमध्ये कुठला गॅस निवडलाय ते मोठ्याने वाचणे. या शेवटच्या कलमामागेही एक गोष्ट आहे, पण ती मिस्तरींना सांगायला फार आवडते, म्हणून मी सांगत नाही.

तर लोणी.

आंबेगावच्या पूर्वेकडचं हे लोणी आमच्यापासून चांगलं दीड तास. तिथे एक ताई दुधाचं संकलन केंद्र चालवते. घराशेजारच्या खोलीत दुधाची स्टीलची मोठी टाकी, आणि टाकी गार करणारं मशीन बाहेर भिंतीला लागून. शेळ्या वायरी खातात म्हणून मशीनला चारी बाजूंनी लोखंडी जाळीचा पिंजरा केलेला. हे केंद्र गावात यावं म्हणून ताईने तीन वर्षं खेटे घातले होते. गावातल्या बायका किटल्या घेऊन चालत येतात, दूध मापून देतात आणि दहा मिनिटांत घरी. केंद्र नव्हतं तेव्हा दूध कुणाच्या तरी मोटारसायकलवरून शेजारच्या गावी जायचं आणि मोटारसायकलवाल्याच्या मर्जीवर राहायचं.

भाद्रपदात ताईचा फोन आला. संध्याकाळचं दूध रात्रभर टाकीत राहतं, सकाळी टँकर येतो. टँकरवाला थोडं दूध भांड्यात तापवून बघतो. फाटलं, तर सगळी टाकी परत. तसं एका आठवड्यात दोनदा झालं होतं.

"वहिनी, डेअरीचं साहेब म्हनले, अजून एकदा फाटलं तर केंद्र हलवू. बाजूच्या गावात." तिचा आवाज एरवी खणखणीत, त्या दिवशी दबलेला. "सकाळी बघतीया तर टाकीवर आकडा चार दिसतो. चार म्हंजी पायजे तेवढं गार. मग फाटतंय कसं?"

पहिल्या फाटण्यानंतर मिस्तरी एकटेच जाऊन आले होते. हात लावला होता, गॅस भरला होता. त्यानंतर दुसरं फाटलं. म्हणून या वेळी मीही निघाले. कलम एकप्रमाणे आदल्या दिवशी फोन केला, निघतानाही केला. पोचलो तेव्हा अंगण झाडून सडा घातलेला, पिंजऱ्याभोवतीची जागा लख्ख, बाहेर दोन खुर्च्या मांडलेल्या. पोहे तयार. ताईच्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव आजी म्हणतं, दारात उभ्या.

"या. मिस्तरी, तुमी भरलेला गॅस कमी पडला वाटतं."

मिस्तरींनी पोह्यांकडे लक्ष दिलं.

मी प्रोब लावले. संध्याकाळचं दूध टाकीत यायला लागलं, मशीन चालू झालं आणि सगळे आकडे शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी बसले. जास्त दाबाच्या पाइपचा दाब अडीचशेच्या आसपास, म्हणजे हवा तेवढाच. दूध भराभर गार. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. उलट गॅस थोडा जास्तच होता, हेही आकड्यांवरून दिसत होतं.

"जास्त झालाय," मी हळूच म्हणाले.

"थोडं जास्त असलेलं बरं," मिस्तरी म्हणाले. "पुरणपोळीवर तूप कमी असल्यापेक्षा..."

"मशीनला पुरणपोळी चढत नाही."

ताई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. "म्हंजी मशीन चांगलं हाये?"

"आत्ता चांगलं आहे."

तिला ते अजिबात आवडलं नाही, आणि मलाही. दुखणं डॉक्टरसमोर गायब व्हावं तसं चाललं होतं. मिस्तरींचं मत पडलं की व्होल्टेजचा खेळ आहे. तेही खरं असू शकत होतं. पण मला अंदाज नको होता. मी ठरवलं, प्रोब इथेच ठेवून जायचे. माझा एक जुना फोन केंद्रात ठेवायचा. प्रोब त्या फोनला आकडे देतील आणि तो ते माझ्या फोनवर पाठवत राहील. मी पिंपरी पेंढारला भाकऱ्या थापताना लोणीचं मशीन बघू शकेन. सळई टाकीच्या मापकाशेजारच्या भोकात बसवली, म्हणजे दुधाचं तापमानही कळेल. फोन टेबलावर चार्जिंगला लावून ताईला बजावलं, "हा फोन आणि हे प्रोब, यांना कुणी हात लावायचा नाही."

"वहिनी, मशीनला तर मी कुनाला शिवू बी देत न्हाई. तुमी काळजीच करू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी फोन समोर ठेवून बसले. आकडे नाहीत. पाचही प्रोबच्या जागी रेघा. साडेसहा, तेच. मिस्तरी टीव्हीवरच्या बातम्या सोडून माझ्या फोनमध्ये डोकावले.

"काय म्हणतायत तुमचे चिमटे?"

मी ताईला फोन लावला. "ताई, तो माझा फोन कुठंय?"

"हाये की. एकदम सुरक्षित."

"म्हणजे कुठे?"

"कपाटात. लोखंडी. किल्ली माझ्या कमरंला."

मी तिला समजावलं की लोखंडी कपाटात बंद केल्यावर त्या फोनला बाहेरचं काही ऐकू येत नाही. मग ती म्हणाली, "पन वहिनी, परक्याची महागाची वस्तू अशी टेबलावर उघडी टाकायची? उद्या काय झालं तर मी तुमाला काय तोंड दावू?" तिचंही बरोबर होतं. आमच्याकडेही पाहुण्याची वस्तू पहिली कपाटातच जाते. शेवटी तडजोड झाली: फोन टेबलावर राहील आणि आजी टेबलाशेजारी बसतील. त्या रात्रीचं दूध नशिबाने टिकलं, पण का टिकलं हे मला कळलं नाही. न कळता टिकलेलं दूध मला फाटलेल्या दुधाइतकंच त्रास देतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडे आले. सव्वासहाला मशीन चालू. दाब अडीचशे. मी कणीक मळायला घेतली. हात धुऊन परत बघते तर तीनशे वीस. मग तीनशे साठ. चारशेच्या तोंडाशी गेला आणि धाडकन खाली, मशीन बंद. दाब फार चढला की ते स्वतःला वाचवायला बंद पडतं. दहा मिनिटांनी पुन्हा चालू, पुन्हा चढण, पुन्हा बंद. दुधाचं तापमान पंचवीसवर अडून बसलेलं.

"बघा," मी मिस्तरींसमोर फोन धरला.

ते बराच वेळ बघत राहिले. पहिल्यांदाच चष्मा लावून. "हवा मिळत नाही त्याला," ते म्हणाले. "पंखा गेला असेल, नाहीतर काहीतरी आडवं आलंय." हे त्यांनी हात न लावता सांगितलं, याची नोंद मी मनात केली.

ताईला फोन केला. "बाहेर जाऊन बघा, मशीनचा पंखा फिरतोय का?"

चपलांचा आवाज. "फिरतोय की मस्त. गरम वारं येतंय."

"मशीनवर काही पडलंय का? पोतं, कागद, काही?"

"काय बी न्हाई. मशीनला हात न्हाई लावला कुनी."

"आणि हे मधेच बंद पडतं ते?"

"त्ये व्हय? त्ये मधी मधी दम खातंय. इतकं काम करतंय बिचारं."

मी तिला म्हटलं, मशीनला काही करू नका, बाहेरच्या नळाचं पाणी टाकीच्या बाहेरून सोडत राहा. तेवढ्याने काय होणार होतं कोण जाणे. साडेआठनंतर दाब आपोआप उतरायला लागला, मशीन नीट चाललं आणि रात्री उशिरा दूध चारवर आलं. म्हणजे सकाळी टाकीवर चारच दिसणार होते. आणि त्याआधी दूध दोन-तीन तास कोमट बसलं होतं, हे कुणालाही कळलं नसतं. सकाळी ताईचा निरोप आला: टँकरवाल्याने दोनदा नमुना तापवला, मान हलवत हलवत दूध घेतलं. म्हणाला, "आज जातंय. उद्याचं सांगत नाय."

उद्याचं दूध म्हणजे आज संध्याकाळी टाकीत येणारं.

मी फोन उचलला, लोणीला निघतोय म्हणून सांगायला. नंबर लावला आणि ठेवून दिला. आम्ही ज्या ज्या दिवशी सांगून गेलो, त्या त्या दिवशी मशीन गुणी बाळ होतं. सडा, खुर्च्या, पोहे.

"आज फोन करायचा नाही," मी म्हणाले.

मिस्तरी दचकले. "न सांगता जायचं? संध्याकाळच्या वेळी? बायकामाणसांचं घर, बरं दिसतं का ते?"

"बरं दिसत नाही. म्हणूनच जायचंय."

मंचर सोडल्यावरही ते दोनदा म्हणाले की निदान गावाच्या वेशीवरून तरी एक फोन कर. मी यादीवर रुमाल टाकला.

साडेसहाला पोचलो. अंगणात बायकांची गर्दी, किटल्यांचा खणखणाट, ताई माप घेण्यात गुंग. मी थेट भिंतीकडे वळले आणि थांबले. पिंजरा दिसतच नव्हता. त्या जागी एक रंगीबेरंगी खोली उभी होती. लुगड्यांच्या, धोतरांच्या, शर्टांच्या ठिगळांच्या ओल्या गोधड्या, चारी बाजूंनी, वरपासून खालपर्यंत, काही दुहेरी. आतून पंख्याची गुदमरलेली घरघर. गोधड्यांमधून वाफ निघत होती आणि सोड्याच्या साबणाचा वास सुटला होता.

मिस्तरी माझ्यामागे येऊन उभे राहिले. "नवरात्र," ते एवढंच म्हणाले.

घटस्थापनेआधी घरातली प्रत्येक गोधडी धुतलीच पाहिजे, हे आमच्याकडेही आहे. मीही त्या आठवड्यात चार भिजवून ठेवल्या होत्या. भाद्रपदातली दमट हवा, ऊन पडायचं नाव नाही, पाझर तलावावर धुतलेली गोधडी तीन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. आणि इथे रोज संध्याकाळी फुकटचं गरम वारं.

तेवढ्यात ताईने आम्हाला पाहिलं. मापाचं भांडं तिच्या हातात तसंच राहिलं. तिचं पहिलं वाक्य मी विसरणार नाही: "अगं बया, पावणं आलं! उचला गं त्या गोधड्या!"

"थांबा!" मी ओरडले. "कुणीही हात लावू नका."

सगळ्या बायका जिथल्या तिथे. मी खिशातून फोन काढला. दाब तीनशे सत्तर. मी आकडा सगळ्यांना दाखवला. आणि सगळ्यांच्या देखत मशीनने चारशेच्या अलीकडे दम खाल्ला.

"ताई, तुम्ही म्हणालात काही आडवं नाही."

"मशीनला कुठं आडवं हाये? जाळीवर हायेत त्या." मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरायला लागलं. "मशीनला कुनी शिवलं बी न्हाई, वहिनी."

"आणि आम्ही येणार असलो की?"

उत्तर आजींनी दिलं. "मग काय, पावण्यांच्या म्होरं वली धुनी ठिवायची? आमी आधीच उचलायचो."

मिस्तरी जाळीपाशी गेले. सवयीने एका गोधडीवर तळवा ठेवला. कुणीतरी मागून म्हणालं, "गॅस कमी हाये का वो भाऊ?" आणि अंगण हसलं. ताई हसली नाही. ती खाली बसली होती. पिंजऱ्याच्या डाव्या बाजूची, निळ्या काठाची जाड गोधडी तिची स्वतःची होती.

"माझ्याच हातानं," ती म्हणाली. "तीन वरसं खेटं घातलं आन् माझ्याच हातानं."

आजी आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. "आता कळतंय," त्या म्हणाल्या. "बघा तुमीच." चौथीपर्यंत शिकलेल्या आजींचं अक्षर माझ्यापेक्षा नीट होतं. जाळीवर भांडणं नकोत म्हणून त्यांनी पाळी लावून दिली होती. वार, घर, किती गोधड्या, कुठली बाजू, आणि सगळ्यांनी साडेआठला उचलायच्या. भिंतीजवळची सावकाश वाळणारी बाजू कुणाला आणि वाऱ्याची कुणाला, तेही. मी माझी वही काढली. मंगळवार: चारी बाजू भरलेल्या; दुसऱ्या सकाळी दूध फाटलं. शुक्रवार: चारी बाजू, दोन दुहेरी, फाटलं. आम्ही आलो तो दिवस: आजींनी पुढे लिहिलं होतं, 'पावणं. सुट्टी.' माझा फोन कपाटात होता तो दिवस: एकच घर, दोन गोधड्या. दूध टिकलं. तारखेला तारीख जुळत गेली. इतकी नेटकी नोंद मला आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने दिली नव्हती. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून एकेक ओळ तपासत होतो, तेव्हा मिस्तरी म्हणाले, "याद्या नंतर जुळवा. टाकीत दूध तापतंय."

गोधड्या उतरल्या. ओल्या गोधडीला दोन बायका लागतात. मिस्तरींनी जाळीत अडकलेले धागे काढले, मशीनच्या मागच्या पत्र्यांतला कचरा ब्रशने झाडला. मग माझ्याकडे न बघता सिलिंडर लावला आणि आपणच भरलेला जास्तीचा गॅस परत ओढून घेतला. मी पाच आकड्यांकडे बघत होते. लाल रिबिनीचा पाइप निवत गेला, निळ्याचा आकडा जागेवर आला, दाब अडीचशेवर बसला.

"आता दूध," ताई म्हणाली. "दुधाचा आकडा मोठ्यानं वाचा."

सव्वीस होता. तासाभरात दूध उतरलं नाही तर उद्याच्या टँकरला द्यायला काही नव्हतं, आणि परवापासून माप घ्यायला ही जागा नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी घरी जाईना. किटल्या पालथ्या घालून बायका बसल्या. मी आकडे वाचत होते. तेवीस. एकोणीस. दर आकड्याला कुणीतरी पुन्हा म्हणायचं, म्हणजे मागच्यांना ऐकू जाईल. आकडा अकरावर असताना दिवे लुकलुकले आणि सगळ्यांनी एकदम श्वास धरला; मशीन चालूच राहिलं. आठवर आल्यावर एकजण म्हणाली, "थांबलंय का ते?" आणि आजींनी तिला गप्प केलं. सहा. पाच. पाचवर ते माझ्या यादीतल्या दहा मिनिटांइतकं रेंगाळलं. मग चार आलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. ताईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला गं, कालवणं करपली असतील."

गोधड्यांचं काय, हा प्रश्न अंगणात ओल्या ढिगासारखा पडून होता. तो मिस्तरींनी सोडवला. गरम वारं जिकडे जातं, त्या दिशेला त्यांनी दहा पावलं मोजली, हवेत हात धरून अंदाज घेतला, जरा मागे आले, पुन्हा हात धरला. मी सळई त्यांच्या हाताशेजारी धरून आकडा बघितला. हाताचा अंदाज बरोबर होता. तिथे दोन खांबांना तार बांधली आणि कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी चुन्याची पांढरी फक्की ओढली. रेघेच्या अलीकडे एक रुमालही वाळत घालायचा नाही. "रेघ वलांडली तर?" कुणीतरी विचारलं. "आऊट," आजी म्हणाल्या आणि वहीत नवी पाळी लिहायला बसल्या.

सकाळी ताईचा फोन आला. टँकरवाल्याने नमुना तापवला, पुन्हा तापवला, आणि भांडं धुऊन ठेवलं. केंद्राबद्दल तो काही बोलला नाही. पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आजींच्या हातचा चहा घेतला, तेव्हा ताईला झोप लागली.

घटस्थापनेला दोन दिवस राहिले होते. मला लोणीहून प्रोब आणि जुना फोन आणायचा होता. आभाळ तसंच. माझ्या चार गोधड्या अंगणातल्या दोरीवर चौथ्या दिवशीही पाणी टिपत होत्या. मी गाडीतली यादी बदलायला घेतली. पहिलं कलम खोडलं आणि बराच वेळ त्या जागी काय लिहावं ते सुचेना. मिस्तरींनी मागचं दार उघडलं, गोधड्या पिळून आत टाकल्या आणि गाडी सुरू केली.

"फोन करू का?" मी विचारलं.

"कशाला?" ते म्हणाले. "आवरून ठेवतील."

साडेसहाला पोचलो तेव्हा तार अर्धी मोकळी होती. ताई माप घेत होती, मशीन न थांबता चालत होतं. आजींनी गाडीचं मागचं दार उघडं पाहिलं, आत डोकावल्या, नाकाला पदर लावला आणि वही काढली.

"नाव?" त्यांनी मिस्तरींना विचारलं. "आन् किती हायेत?"